ग्रँडऑर्ग रिव्ह्यू : फुकटचा पाइप ऑर्गन, नागपूरचं ऊन आणि एक आख्खा प्रिल्यूड-फ्यूग

ग्रँडऑर्ग नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि ज्याला पाइप ऑर्गनसाठी काही लिहायचंय आणि ते स्वतः वाजवायचंय त्याने बाकी एक रुपया खर्च करायच्या आधी हे उतरवून घ्यावं. चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे येईलच. मी याच्यावर डी मायनरमधला एक प्रिल्यूड (सुरुवातीची मोकळी रचना) आणि चार आवाजांचा फ्यूग (एकच चाल, म्हणजे 'विषय', एकेका आवाजाने पाठोपाठ घ्यायची रचना) लिहिला, हातापायात बसवला आणि माणसांसमोर वाजवला, म्हणजे इन्स्टॉल करून दोन कॉर्ड दाबले आणि रिव्ह्यू टाकला असा हा प्रकार नाही.

आधी ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीतातला, बालगंधर्वांच्या जमान्यातला पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्याच्यात पेटीसारखेच रीड असतात. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला वेगळी नळी, आणि आवाजाच्या प्रत्येक जातीसाठी नळ्यांची आख्खी वेगळी रांग, म्हणून मोठ्या वाद्यात हजारो नळ्या. रांग चालू-बंद करायला स्टॉप असतात, हातासाठी दोन-तीन कीबोर्ड आणि पायासाठी एक वेगळा, त्याला पेडलबोर्ड म्हणतात. पायाच्या रांगा बहुतेक 16 फुटी, म्हणजे कागदावर लिहिलंय त्याच्या एक सप्तक खाली वाजणाऱ्या.

आता असलं वाद्य नागपुरात खरंखुरं ठेवायचं म्हटलं तर काय होईल याचा मी एकदा हिशोब मांडला होता. नळीतली हवा गरम झाली की सूर चढतो, एका डिग्रीला साधारण 3 सेंट. जानेवारीतली 12 डिग्रीची सकाळ आणि मे मधली 45 ची दुपार घ्या, फरक जवळजवळ 95 सेंट, म्हणजे जवळपास पूर्ण अर्धा सूर राजेहो! त्यात पुन्हा रीडच्या नळ्या तेवढ्या चढत नाहीत, म्हणजे वाद्य स्वतःशीच बेसूर. लॅपटॉपला हा त्रास नाही, तो फक्त फॅन फिरवतो.

तर सॉफ्टवेअर काम कसं करतं? ग्रँडऑर्ग स्वतः आवाज तयार करत नाही. कुठल्यातरी खऱ्या चर्चमध्ये मायक्रोफोन लावून प्रत्येक नळी एक-एक करून रेकॉर्ड केलेली असते, त्या सगळ्या गठ्ठ्याला सॅम्पलसेट म्हणतात, आणि ग्रँडऑर्ग तो गठ्ठा रॅममध्ये भरून तुमच्या मिडी कीबोर्डवर (कुठली की दाबली ते कॉम्प्युटरला कळवणारा कीबोर्ड) देतं. एक छोटा डेमो सेट सोबतच येतो. बाकी सेट वेगवेगळ्या लोकांनी बनवलेत, काही विकत, काही चक्क फुकट, स्वीडनमधल्या बुरेओच्या चर्चचा वगैरे. बाख 1705 साली बुक्स्टेहूडे या ऑर्गनवादकाला ऐकायला आर्नश्टाटहून ल्युबेकला पायी गेला होता, 400 किमीच्या आसपास, म्हणजे समृद्धीने शिर्डीला निघालेला माणूस शंभरेक किमी आधी थांबला असं समजा. आपण डाउनलोडच्या पट्टीकडे बघत तर्री पोहे खातो.

सेटअप. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी हात-पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न राहतोच. हातासाठी 61 कीचे दोन साधे मिडी कीबोर्ड लोखंडी स्टँडवर एकावर एक लावले की काम भागतं, ऑर्गनला की किती जोरात दाबली याच्याशी काही देणंघेणं नसतं त्यामुळे महागडा वेटेड पियानो घ्यायची गरज नाही, उलट हलक्या की बऱ्या. पेडलबोर्डची मात्र बोंब. सीताबर्डीच्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी मला गिटारचं इफेक्ट पेडल काढून दाखवलं, आणि मी पायाचा कीबोर्ड म्हटल्यावर काउंटरवरचा पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला की मीच विषय बदलला. बाहेरून मागवायचं तर वजन एवढं की भाड्यातच जीव जातो. शेवटी सुतार मिस्त्रींना गाठलं. सरळ समांतर पट्ट्यांचा 30 कीचा जर्मन पद्धतीचा नमुना घेतला, अमेरिकन 32 कीचा पंख्यासारखा पसरलेला आणि मध्ये खोलगट असतो, तो घरगुती सुतारकामात जमणं कठीण. 18 पांढऱ्या, 12 काळ्या, सागवान, प्रत्येक पट्टीखाली एक लोहचुंबक आणि एक रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा), सगळ्या तारा आर्डुइनो नावाच्या एका छोट्या सर्किट बोर्डात, तिथून यूएसबी. मिस्त्री माप घेताना म्हणाले, "सायेब, शिडी आडवी पाडून त्याच्यावर नाचनार का तुमी?" खोटं नव्हतं ते.

जोडणी सोपी आहे. स्क्रीनवर ऑर्गनचा कन्सोल दिसतो, ज्या कीबोर्डला जोडायचंय त्याच्यावर राइट क्लिक, 'लिसन फॉर इव्हेंट', मग आपल्या कीबोर्डवरची की दाबायची, झालं. स्टॉपसुद्धा तसेच, बटणावर बसवता येतात.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. सॅम्पलसेट दोन प्रकारचे, ओले आणि कोरडे. ओल्यात चर्चची घुमघुम सॅम्पलमध्येच रेकॉर्ड झालेली, की सोडली तरी आवाज तीन-चार सेकंद कमानीत फिरत राहतो. कोरड्यात मायक्रोफोन नळीच्या तोंडाशी, की सोडली की खल्लास. नवीन माणूस हमखास ओल्याच्या प्रेमात पडतो, पडणारच, एक डी मायनर कॉर्ड दाबला की अंगावर काटा येतो. पण फ्यूग लिहायचा असेल तर ओला सेट तुम्हाला फसवतो. कुठलाही आवाज कुठेही जाऊ द्या, घुमघुमीत सगळं भव्यच वाटतं. माझा सल्ला असा की लिहा कोरड्यावर, वाजवा ओल्यावर, आणि ग्रँडऑर्गची खरी मजा ही की दोन वेगळे सेट ठेवायचीही गरज नाही, सेटिंग्जमध्ये रिव्हर्बचा, म्हणजे घुमघुमीचा, टॅब आहे, त्याच्यात एखाद्या चर्चचा इम्पल्स रिस्पॉन्स (त्या जागेच्या घुमघुमीचा नमुना) टाकला की कोरडा सेट ओला होतो आणि टिक काढली की परत कोरडा. मी लिहिताना ती टिक काढूनच ठेवायचो.

कोरड्यावर काय ऐकू येतं त्याचं एक उदाहरण देतो. पॅरलल फिफ्थ, म्हणजे दोन आवाजांनी पंचमाचं अंतर धरून सोबत सरकणं, टाळा हा नियम पुस्तकात सगळे वाचतात, फुक्सच्या 1725 च्या काउंटरपॉइंटच्या पुस्तकाच्याही आधीपासून तेच चालू आहे, आणि बऱ्याच जणांना वाटतं की हे उगाच पंतोजी लोकांचं खूळ. ऑर्गनवर त्याचं कारण कानाने पटतं. 2⅔ फुटी स्टॉप काढला की तो प्रत्येक सुराच्या वर त्याचा बारावा सूर, म्हणजे सप्तक ओलांडून पंचम, आपोआप जोडतो, मिक्श्चर नावाच्या, एका कीला अनेक बारीक नळ्या वाजवणाऱ्या स्टॉपमध्ये तर असे पंचम भरलेलेच असतात. म्हणजे वाद्य स्वतःच दिवसभर पॅरलल फिफ्थ वाजवून राहिलं, आणि कान त्यांना एकाच सुराचा रंग समजतो. आता तुमचे टेनर (खालून दुसरा आवाज) आणि पेडल दोघं पंचमाचं अंतर धरून एकाच दिशेने सरकले की कान त्यांनाही तेच समजतो, दोन माणसं होती तिथे एक उरतो. फ्यूग चार आवाजांचा आणि ऐकू येतात तीन. माझ्या मसुद्यात एपिसोडच्या (दोन विषयांमधल्या भागाच्या) शेवटी टेनर इ वरून एफ वर आणि पेडल ए वरून बी फ्लॅटवर असं एक सरकणं होतं, ओल्यावर मस्त वाटायचं, रिव्हर्बची टिक काढली की टेनर गायब. पेडल उलट खाली जी वर नेला, टेनर परत उगवला.

फ्यूगचा विषय मी डी वरून ए वर उडी मारून सुरू होणारा घेतला, आपल्या भाषेत सा-प, आणि मग पायऱ्या-पायऱ्यांनी खाली. असा विषय घेतला की उत्तर जसंच्या तसं पाचव्यावर नेता येत नाही, नेलं तर पहिल्याच उडीत इ वर जाऊन घर सुटतं, म्हणून उत्तरात प-सा, ए वरून डी, उडी थोडी आखूड होते. याला टोनल आन्सर म्हणतात. काउंटरसब्जेक्ट, म्हणजे विषयासोबत चालणारी दुसरी चाल, असा लागतो की तो विषयाच्या वरही चालावा आणि खालीही, आणि तिथे पंचमाचा जपून वापर, कारण वरचा खाली गेला की पंचमाचा मध्यम होतो आणि बास आणि वरच्या आवाजातला तो मध्यम लटकलेला वाटतो, कुठेतरी उतरावाच लागतो. हे सगळं नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पियानोच्या आवाजात पण लिहिता येतं हो, मी म्युझस्कोर वापरतो, तेही फुकट. पण पियानोचा सूर दाबल्या क्षणापासून मरायला लागतो, त्यामुळे लांब धरलेला सूर तिथे आपोआप मागे जातो आणि चाल असलेला आवाज पुढे येतो. ऑर्गनवर धरलेला सूर धरलेलाच, तेवढाच मोठा, सोडेपर्यंत. पियानोवर झाकलेला प्रत्येक आळशी टाय (सूर पुढच्या मात्रेत ओढत नेणारी खूण) तिथे डोक्यावर बसतो.

आणि दुसरं, ऑर्गनवर एखादा सूर जोरात वाजवता येत नाही. मग मधल्या आवाजात विषय आला हे ऐकणाऱ्याला कळणार कसं? सूर सुरू व्हायच्या आधी जागा सोडायची. आधीचा सूर किंचित लवकर उचलायचा, किंवा लिहितानाच त्या आवाजाला एक-दोन मात्रा गप्प बसवायचं. पेडलच्या बाबतीत तर मी पहिल्या तिन्ही प्रवेशांत पायाला कामच दिलं नाही, आल्टो, सोप्रानो, टेनर होऊन जाऊ दिले, आणि मग 16 फुटी विषय खालून आला तेव्हा कोणाला सांगावं लागलं नाही. ही जागा सोडायची अक्कल मला कोरड्या सॅम्पलनेच दिली, कारण तिथे की सोडल्याचा क्षण स्वच्छ ऐकू येतो.

प्रिल्यूडचं उलटं. तिथे कोपऱ्या-कोपऱ्यात मोकळी जागा, धावते पॅसेज, पेडलवर एकच सूर धरून वर कॉर्ड बदलत राहणं (पेडल पॉइंट), आणि विश्रांतीच्या जागा. डी मायनरचा तो जगप्रसिद्ध टोकाटा आठवा, बीडब्ल्यूव्ही 565 (बीडब्ल्यूव्ही म्हणजे बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), त्याच्या सुरुवातीच्या थांब्यांमध्ये अर्धं काम दालन करतं. तर प्रिल्यूड लिहिताना रिव्हर्ब चालू करा, थांबा किती लांब ठेवायचा ते घुमघूम विरते त्यावर ठरतं, मेट्रोनोमवर नाही. ज्यांना नमुना हवा त्यांनी बाखच्या नावावरचे आठ छोटे प्रिल्यूड आणि फ्यूग बघावेत, बीडब्ल्यूव्ही 553 ते 560. ते बाखचेच का याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, पण शिकायला झकास, पेडल झेपण्याइतकं, लांबी आटोपशीर. एकदम 552 ला हात घालू नका बाप्पा, 1739 चा तो ई फ्लॅटवाला, पाच आवाजांचा तिहेरी फ्यूग आहे तो.

एक फीचर पेटीवाल्यांना फार आवडेल, टेम्परामेंट, म्हणजे सूर जुळवायची पद्धत. मेनूतून बदलता येतं. आपण सगळे पेटीच्या चढ्या गंधाराला शिव्या घालतो, समान ट्यूनिंगमध्ये तो शुद्धपेक्षा 14 सेंट वर असतो. इथे मीनटोन हे जुनं टेम्परामेंट निवडा, गंधार शुद्ध होतो, मेजर कॉर्ड शांत बसतो, ऐकून बघाच. बदल्यात ए फ्लॅट आणि ई फ्लॅटच्या मधला पंचम असा ओरडतो की त्याला युरोपात लांडगाच म्हणतात. माझा प्रिल्यूड मध्येच एफ मायनरकडे घसरतो, तिथे हा लांडगा समोरच उभा, म्हणून वाजवताना वर्कमाइस्टर नावाचं दुसरं टेम्परामेंट लावलं, सगळ्या स्वरपट्ट्या चालतात आणि तरी प्रत्येकीचा चेहरा वेगळा.

सादरीकरण. लक्ष्मीनगरला ओळखीच्यांचा एक छोटा हॉल आहे, तिथे शनिवारी संध्याकाळी. इथे तीन गोष्टी लिहून ठेवा. पहिली, स्पीकर. 16 फुटीचा सगळ्यात खालचा सी 32.7 हर्ट्झला वाजतो, तो साध्या स्पीकरमधून येतच नाही, पाय हलताना दिसतात आणि आवाज नाही, त्यामुळे चांगला सबवूफर भाड्याने का होईना आणा. दुसरी, लेटन्सी, म्हणजे की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर वापरा आणि बफर 256 वर ठेवा, 48 किलोहर्ट्झला ते साडेपाच मिलिसेकंदाच्या आत बसतं, कळत नाही. नेहमीच्या ड्रायव्हरवर बोट आणि आवाज यांची फारकत होते आणि फ्यूगमध्ये स्ट्रेट्टो आला की, म्हणजे एका आवाजाचा विषय संपायच्या आत दुसऱ्याने तोच सुरू केला की, आपलं आपल्यालाच कळत नाही कुठे आहोत. तिसरी गोष्ट खास आपल्याकडची, कूलर. डेझर्ट कूलरची घरघर नेमकी पेडलच्या खालच्या सुरांवर बसते. कूलर चालू तर 16 फुटी झाकला, कूलर बंद तर लोकं रुमाल काढून वारा घेऊन राहिले. मी शेवटच्या ए वरच्या लांब पेडल पॉइंटच्या आधी बंद करायला सांगितला होता, तेवढ्यापुरतं निभलं. नाहीतर डिसेंबरात ठेवा सरळ.

आणखी एक, लाइट. घरी इन्व्हर्टर असतो, हॉलमध्ये नसतो, लॅपटॉप बॅटरीवर चालेल पण ऑडिओ इंटरफेस आणि आर्डुइनो यूएसबीवरच घ्या, म्हणजे स्पीकर गेले तरी सेट परत लोड करत बसावं लागणार नाही. मोठा सेट लोड व्हायला वेळ लागतो, कॅशे बनवून ठेवलं की पुढच्या वेळी पटकन होतो, ते आदल्या रात्रीच करा. पायात पातळ चामडी तळव्याचे बूट, रबराच्या तळव्याचे नको, सरकत नाहीत.

वाजवून झाल्यावर पहिल्या रांगेतले एक काका येऊन म्हणाले, "छान झालं, पण शेवटी भैरवी नाही का?" मी म्हटलं काका, शेवटचा कॉर्ड मायनरचा मेजर केलाय, तीच आमची भैरवी समजा. ते म्हणाले बरं. आईचं म्हणणं वेगळं, तिला पाय बघण्यात जास्त रस होता, "एवढं खाली न बघता कसं सापडून राहिलं रे तुला" हे तिने घरी येईपर्यंत विचारलं.

आता पाचवा स्टार. एक, दिसायला जुनाट आहे, पर्यायांच्या खिडक्या अशा की पहिल्यांदा उघडली की माणूस बंदच करतो, आणि मदतीचा मजकूर इंग्रजीत, तोही ऑर्गनची परिभाषा माहीत असलेल्यांसाठी. दोन, वाऱ्याचं मॉडेल नाही. खऱ्या जुन्या ऑर्गनमध्ये सगळे स्टॉप काढून जाड कॉर्ड दाबला की हवा किंचित कमी पडते आणि सूर हलतो. बाख नवा ऑर्गन तपासायला गेला की आधी सगळे स्टॉप ओढून त्याची फुफ्फुसंच बघायचा म्हणतात. इथे फुफ्फुसं म्हणजे तुमचा प्रोसेसर, सूर न हलता थेट कडकड आवाज येतो, मग पॉलिफनीची, म्हणजे एकावेळी किती सॅम्पल वाजतील त्याची, मर्यादा कमी करावी लागते. ओल्या सेटची प्रत्येक शेपटीसुद्धा पॉलिफनी खाते हे लक्षात ठेवा. तीन, लूप. सूर धरून ठेवला की सॅम्पलचा एक तुकडा फिरत राहतो, साध्या सेटमध्ये लांब पेडल पॉइंटवर तो फिरण्याचा झोका कानाला सापडतो, एकदा सापडला की मग तोच ऐकू येतो. हा दोष सेटचा, सॉफ्टवेअरचा नाही, पण त्रास आपल्यालाच.

हाउप्टवर्क नावाच्या दुसऱ्या ऑर्गन सॉफ्टवेअरशी तुलना सगळेच विचारतात. ते पैसे देऊन घ्यायचं, वाऱ्याचं मॉडेल आहे, मोठमोठ्या ऐतिहासिक ऑर्गनचे सेट आधी त्याच्यासाठी निघतात, आणि त्यातले एन्क्रिप्टेड सेट ग्रँडऑर्गमध्ये उघडत नाहीत. एखादा ठरावीक ऑर्गनच हवा असा हट्ट असेल तर तिकडे जा. लिहायला आणि शिकायला बसणार असाल तर मला तरी त्याची गरज वाटली नाही, ते पैसे पेडलबोर्ड आणि सबवूफरमध्ये घाला.

रॅम 16 जीबी असेल तर मध्यम सेट आरामात बसतो. 8 वाल्यांनी लोड करताना 16 बिट आणि मोनो निवडावं, जागा बरीच वाचते, आणि कोरड्या सेटमध्ये मोनोने फारसं बिघडत नाही. सुरुवात सोबत येणाऱ्या डेमो सेटवर करा, तो जमला की मगच दुसरे सेट उतरवा. पेडलबोर्डसाठी कोणाला मापं हवी असतील तर खाली विचारा, मिस्त्रींनी प्लायवर काढलेला नकाशा अजून माळ्यावर आहे.